गळ्यातील गाठ निघाल्यानंतर : थायरॉइड कर्करोगाच्या निदानाला सामोरे जाताना

थायरॉइडच्या गाठीची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते, रुग्ण घरी येतो, कुटुंबीय परमेश्वराचे आभार मानतात. आणि आठ-दहा दिवसांनी जखम दाखवायला गेल्यावर डॉक्टर सांगतात की काढलेल्या गाठीत कर्करोग सापडला आहे. संकट टळले असे वाटत असतानाच ते दारात उभे राहते. असा अनुभव आज अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतो. शस्त्रक्रियेपूर्वी मनाची तयारी करायला जो अवधी मिळाला असता, तोही अशा वेळी मिळालेला नसतो.

दिघा, ऐरोली, रबाळे, कळवा या पट्ट्यातील आपली बरीच कुटुंबे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांवर आणि छोट्या नोकऱ्यांवर अवलंबून आहेत. घरे लहान, सुट्ट्या मोजक्या आणि कर्करोग या शब्दाची भीती मात्र मोठी. या भीतीपोटी काही जण अहवाल घरातही दाखवीत नाहीत, काही जण पुढील तपासण्या टाळतात, तर काही जण ‘आता प्रार्थनेनेच बरे होऊ’ असे म्हणून रोजची गोळी बंद करतात. म्हणून या आजाराची साधी, खरी माहिती आणि आपल्या श्रद्धेची त्यातील भूमिका या दोन्ही गोष्टी आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर अधिक समजून-उमजून बसता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

निदान शस्त्रक्रियेनंतर का होते?

थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आहे. आहारातील आयोडीन घेऊन ती जे संप्रेरक तयार करते, त्यावर शरीराची ऊर्जा, हृदयाची गती, पचन आणि मनाची उभारी अवलंबून असते. या ग्रंथीत गाठी होणे अतिशय सामान्य आहे आणि त्यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

गाठ आढळल्यावर सोनोग्राफी होते आणि गरज वाटल्यास बारीक सुईने पेशी काढून तपासल्या जातात. ही सुईची तपासणी उपयुक्त आहे. पण तिला मर्यादा आहेत. तिचा निष्कर्ष ‘बेथेस्डा’ या पद्धतीनुसार ६ वर्गांत मांडला जातो आणि त्यांतील तिसरा व चौथा वर्ग संदिग्ध असतो. विशेषतः फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत सुटी पेशी पाहून साधी गाठ व कर्करोग यांतील फरक ओळखता येत नाही. गाठीभोवतीचे आवरण पेशींनी भेदले आहे का, त्या रक्तवाहिन्यांत शिरल्या आहेत का, हे पाहावे लागते. आणि ते संपूर्ण गाठ काढून तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कळते. तात्पर्य, निदान उशिरा झाले याचा अर्थ कोणीतरी चूक केली असाच होत नाही. बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो.

यात एक दिलासाही आहे. ज्या क्षणी आपल्याला ‘कर्करोग’ हा शब्द ऐकू येतो, त्या क्षणी तो कर्करोग असलेली गाठ बहुधा शरीराबाहेर गेलेली असते. उपचाराचा मोठा भाग आधीच झालेला असतो.

अहवाल कसा समजून घ्यावा?

ज्याला आपण बायोप्सी रिपोर्ट म्हणतो तो कागद पाहून घाबरण्यापेक्षा त्यातील काही मोजक्या गोष्टी शोधाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे कर्करोगाचा प्रकार.

पॅपिलरी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. थायरॉइडच्या दर १० कर्करोगांपैकी साधारण ८ या प्रकारचे असतात. तो सहसा संथपणे वाढतो. अमेरिकेतील नोंदींनुसार तो ग्रंथीपुरता मर्यादित असताना सापडला, तर ५ वर्षांनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. फॉलिक्युलर हा त्याखालोखाल येणारा प्रकार असून त्यावरही उपचार चांगले लागू पडतात. मेड्युलरी हा प्रकार वेगळ्या पेशींतून उद्भवतो. त्यातील सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तो आनुवंशिक असतो, म्हणून अशा निदानानंतर जनुकीय तपासणी आणि गरजेनुसार जवळच्या नातेवाइकांची तपासणी आवश्यक ठरते. अॅनाप्लास्टिक हा प्रकार क्वचित, बहुधा उतारवयात आढळतो आणि फार वेगाने पसरतो. तेथे वेळ दवडता येत नाही. सर्व थायरॉइड कर्करोग सौम्यच असतात, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गाठीचा आकार. तिसरी, ती ग्रंथीबाहेर पसरली आहे का. चौथी, मानेतील लसिकाग्रंथींत ती पोहोचली आहे का. आणि पाचवी, रक्तवाहिन्यांत शिरकाव झाला आहे का. ‘स्टेज’ हा शब्द ऐकून अनेकांचे धैर्य खचते. परंतु २०१८ पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ५५ वर्षांखालील व्यक्तीचा पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कर्करोग मानेतील लसिकाग्रंथींत पोहोचला असला तरी तो पहिल्याच टप्प्यात गणला जातो, आणि फुफ्फुस किंवा हाडांपर्यंत गेला असल्यास दुसऱ्या. या वयोगटाला तिसरा व चौथा टप्पा नाहीच. इतर अवयवांच्या कर्करोगाचे गणित येथे लावू नये.

शब्दाचे ओझे वैद्यकशास्त्रानेही ओळखले आहे. आवरणात पूर्णपणे बंदिस्त असलेल्या आणि कोठेही शिरकाव न केलेल्या एका विशिष्ट गाठीला पूर्वी कर्करोग म्हटले जाई. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तिच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्द काढून टाकला. अनावश्यक उपचार आणि अनावश्यक भीती टाळणे हा त्यामागील हेतू होता.

डॉक्टरांकडे जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत घरातील एक शांत डोक्याची व्यक्ती असावी :

१. माझा कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे आणि तो पूर्ण निघाला आहे का?
२. ग्रंथीचा अर्धा भाग काढला असल्यास उरलेला भाग काढण्याची गरज आहे का? असल्यास का?
३. मला रेडिओआयोडीन उपचार लागेल का? न घेतल्यास धोका किती?
४. रोजची गोळी किती मात्रेची आणि रक्ताची तपासणी केव्हा?
५. कोणती लक्षणे दिसल्यास मी ताबडतोब रुग्णालयात यावे?
६. माझ्या मुलाबाळांची अथवा भावंडांची तपासणी करावी का?

शेवटच्या प्रश्नाबाबत थोडे अधिक. घरात एकाला पॅपिलरी कर्करोग निघाला की सगळ्या कुटुंबाने सोनोग्राफीसाठी रांग लावू नये. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीमुळे २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तेवढेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. कोणाची तपासणी करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

पुढील उपचार : प्रत्येकाला सर्व काही लागत नाही

पूर्वी अहवालात कर्करोग दिसला की संपूर्ण ग्रंथी काढणे आणि त्यानंतर रेडिओआयोडीन देणे, हा जवळजवळ ठरलेला क्रम होता. आता विचार बदलला आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी ४ सेंटिमीटरपर्यंतच्या, बाहेर न पसरलेल्या गाठींसाठी अर्धी ग्रंथी काढणेही पुरेसे ठरू शकते, असे मान्य केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, कमी जोखमीच्या रुग्णांना रेडिओआयोडीन न देता केवळ लक्ष ठेवले, तरी ३ वर्षांनंतरचे निष्कर्ष उपचार घेतलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. म्हणून शेजारच्या रुग्णाला जे दिले तेच मला का नाही, असा संशय धरू नये. कमी उपचार म्हणजे दुर्लक्ष नव्हे.

ज्यांना रेडिओआयोडीन लागते त्यांनी त्याचे नाव ऐकून दचकू नये. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, हा त्यांचा मूळ स्वभाव. किरणोत्सारी आयोडीन गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपात गिळले की शरीरात राहिलेल्या थायरॉइडच्या पेशी ते स्वतःकडे खेचतात आणि त्याच्या किरणांनी नष्ट होतात. थायरॉइड कर्करोगावरील या उपचाराचा पहिला महत्त्वाचा वृत्तांत अमेरिकेत १९४६ साली प्रसिद्ध झाला. या आयोडीनचा किरणोत्सार दर ८ दिवसांनी निम्मा होतो. मेड्युलरी व अॅनाप्लास्टिक प्रकारांत मात्र या उपचाराचा उपयोग होत नाही.

हा उपचार आपल्यापासून फार दूर नाही. खाडीपलीकडच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील अणुभट्टीत असे आयोडीन तयार होते आणि आपल्याच नवी मुंबईतील वाशी येथे कार्यालय असलेले ‘ब्रिट’ हे केंद्र सरकारचे मंडळ अशी औषधे रुग्णालयांना पुरविते. परळ येथे भाभा केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांची सेवा करीत आहे. त्याच परिसरातील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि टाटा स्मारक केंद्राचीच ‘अॅक्ट्रेक’ ही संस्था खारघरला आहे. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव हे रेल्वे स्थानक सुरू झाल्यापासून दिघ्याच्या रुग्णाला ऐरोली अथवा ठाणे गाठण्याची दगदग न करता पनवेलच्या गाडीने खारघर आणि ठाण्याला गाडी बदलून परळ गाठता येते. लोकल गाडीतील दिव्यांगांसाठीच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाची कागदपत्रे मात्र सोबत ठेवावीत.

एका खोलीच्या घरात ते दिवस कसे काढावेत?

रेडिओआयोडीनपूर्वी साधारण एक ते दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार घ्यावा लागतो. येथे आपल्या स्वयंपाकघराची परीक्षा असते. आयोडीनयुक्त मीठ, मासळी, कोळंबी, सुके बोंबील, सुकट, दूध व दुधाचे पदार्थ, अंड्याचा पिवळा बलक, पाव, बिस्किटे, फरसाण आणि बाजारचे लोणचे-पापड वर्ज्य असतात. शुक्रवारी मांस टाळून मासळीकडे वळण्याची आपली रीत या काळात बाजूला ठेवावी लागते. भात, ताज्या भाज्या, फळे, घरी केलेली बिनमिठाची चपाती हे चालते. कोणते मीठ वापरावे, हे रुग्णालयातच विचारून घ्यावे. केवळ खडे मीठ आहे म्हणून ते चालेल, असे गृहीत धरू नये.

औषध घेतल्यावर रुग्णाला मात्रेनुसार रुग्णालयातील स्वतंत्र खोलीत ठेवतात. शरीरातील किरणोत्सार नियमांनुसार ठरलेल्या पातळीखाली आला की घरी सोडतात. तरीही पुढचे काही दिवस काळजी घ्यावी लागते : वेगळे झोपणे, लहान मुले व गर्भवती स्त्रियांपासून अंतर राखणे, भरपूर पाणी पिणे, शौचालयात दोनदा पाणी सोडणे, हात स्वच्छ धुणे, भांडी व टॉवेल वेगळे ठेवणे. किती दिवस, हे रुग्णालय लेखी सांगते. गर्भवती स्त्रीला हा उपचार कधीच देत नाहीत. स्तनपान आधीच पूर्ण थांबवावे लागते आणि त्या बाळासाठी ते पुन्हा सुरू करता येत नाही. उपचारानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा लांबवण्यास सांगतात. अनेक रुग्ण तरुण माता असतात, म्हणून हे सर्व आधी स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

हे सारे नियम प्रशस्त घरात सोपे आहेत. इळठणपाड्यातील चाळीत, एका खोलीत पाच माणसे राहतात आणि शौचालय सामायिक असते, तेथे ते कसे पाळायचे? याचे उत्तर रुग्णाने एकट्याने शोधायचे नसते. आपली घराची परिस्थिती रुग्णालयात आधीच, न लाजता सांगावी. त्यानुसार मुक्काम वाढवता येईल का, याचा विचार डॉक्टर करू शकतात. आणि मुलांना आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेणारे एखादे कुटुंब धर्मग्रामात पुढे आले, तर ती त्या वेळची सर्वांत मोठी सेवा ठरेल.

त्या दिवसांत रविवारच्या मिस्साबलिदानाला जाता आले नाही म्हणून मनाला लावून घेऊ नये. आजारपण हे रविवारच्या बंधनातून मोकळीक देणारे गंभीर कारण आहे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. इतरांच्या लेकरांची काळजी म्हणून घरी थांबणे, हेही प्रेमाचेच कृत्य होय.

रोजची एक छोटी गोळी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित केली. त्यासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु संपूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण काही काळाने मंद, सुजलेले आणि निस्तेज होत गेले, कारण ग्रंथीचे काम करणारे काहीच शरीरात उरले नव्हते. पुढे १९१४ साली, नाताळच्या दिवशी, अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. आज आपण सकाळी जी लहानशी गोळी घेतो, तिच्यातील औषध तेच आहे.

म्हणून ही गोळी म्हणजे ‘रसायनांची सवय’ नव्हे. शरीराने स्वतः जे तयार केले असते, तेच आपण बाहेरून देत असतो. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांना ती आयुष्यभर घ्यावी लागते. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-न्याहारी टाळावी. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आणि ही गोळी यांत ४ तासांचे अंतर असावे. बरे वाटते म्हणून, उपवासकाळ आहे म्हणून किंवा प्रार्थनासभेत कोणी सांगितले म्हणून ती कधीही बंद करू नये. कर्करोगाच्या काही रुग्णांत गोळीची मात्रा मुद्दाम थोडी अधिक ठेवतात, जेणेकरून उरल्यासुरल्या पेशींना वाढीची चालना मिळू नये. तेव्हा मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये.

सकाळच्या मिस्साबलिदानाला जाणाऱ्यांना एक शंका पडते : गोळी घेतल्याने ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपास मोडतो का? मोडत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९१९ व्या नियमानुसार ख्रिस्तप्रसादापूर्वी किमान एक तास खाणेपिणे वर्ज्य आहे. पण पाणी आणि औषध यांना त्यातून स्पष्ट सूट आहे. एवढेच नव्हे, तर वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवसांचा उपासही आजाऱ्यावर बंधनकारक नाही.

आवाज, कॅल्शियम आणि गळ्यावरील व्रण

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा ४, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसल्यास ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, हातपाय आखडतात. असे झाल्यास ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरी थांबू नये. लगेच डॉक्टरांना कळवावे.

स्वरयंत्राची मज्जातंतूही ग्रंथीला लागूनच जाते. त्यामुळे काहींचा आवाज बसतो, काहींना वरचे सूर लागत नाहीत. बऱ्याच जणांचा आवाज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. सुधारला नाही तर स्वरयंत्राची तपासणी आणि वाचा-उपचार यांचा लाभ होतो. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्ट यांच्यावर २००० साली थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना गाण्यासाठी आपला आवाज नव्याने घडवावा लागला, आणि ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. आपल्या गायनवृंदातील किंवा वाचनसेवेतील एखादी व्यक्ती काही महिने मागच्या बाकावर बसली, तर तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवावी.

गळ्यावरचा व्रण हळूहळू फिका पडतो. उन्हापासून त्याचे संरक्षण करावे. ‘हे काय झाले?’ असा प्रश्न बाजारात, बसमध्ये आणि चर्चच्या पायऱ्यांवरही विचारला जातो. त्याचे उत्तर द्यायचे की नाही, हा पूर्णतः त्या व्यक्तीचा अधिकार आहे.

मनावरचे ओझे आणि आपली श्रद्धा

‘देवाने मला कशाची शिक्षा दिली?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यातील गृहीत धरलेली गोष्ट प्रभू येशूने स्वतःच नाकारली आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय फेटाळतो. आजार हा पापाचा हिशेब नव्हे. थायरॉइड कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत साधारण तिपटीने अधिक आढळतो. म्हणून स्त्रिया तिपटीने अधिक पापी आहेत, असे कोणी म्हणेल काय?

दुसरी एक गोष्ट आम्हांला आग्रहाने सांगावीशी वाटते. रेडिओआयोडीनपूर्वी काही रुग्णांची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवावी लागते. त्या काळात संप्रेरक कमी झाल्यामुळे थकवा, सूज, विस्मरण आणि खोल उदासीनता येते. प्रार्थनेत लक्ष लागत नाही, जपमाळ हातात जड वाटते. रुग्णाला वाटते, आपली श्रद्धाच आटली. तसे नसते. ही शरीराची अवस्था आहे आणि गोळी पुन्हा सुरू झाल्यावर ती पालटते. मात्र उदासीनता रेंगाळली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

भेटायला जाणाऱ्यांनीही जिभेवर ताबा ठेवावा. ‘हा तर चांगला कर्करोग आहे’, ‘यात काही घाबरण्यासारखे नाही’ असे म्हणताना आपण धीर देतो असे वाटते; पण ज्याला आयुष्यभर गोळी, तपासण्या आणि परतीची भीती सोबत घेऊन जगायचे आहे, त्याला हे शब्द एकटे पाडतात. गेथशेमानीत प्रभूने शिष्यांकडे सल्ला मागितला नव्हता. आपल्याबरोबर जागे राहा, एवढेच मागितले होते.

लपवाछपवी हे आपल्या समाजातील वेगळे दुखणे आहे. मुलगी लग्नाची असेल तर अहवाल कपाटात बंद होतो आणि कधी कधी त्याच्याबरोबर उपचारही बंद होतात. वास्तविक हा आजार संसर्गजन्य नाही, आणि योग्य उपचारानंतर बहुसंख्य स्त्रिया विवाह व मातृत्व यांचा अनुभव घेतात. सोफिया व्हर्गारा या अभिनेत्रीला २००० साली, वयाच्या २८ व्या वर्षी, हा कर्करोग झाला होता. तिची खरी कारकीर्द त्यानंतरच बहरली. आजाराची दवंडी पिटण्याची गरज नाही. परंतु जोडीदाराशी सत्य बोलणे आवश्यक आहे. विवाहसंस्काराचा पाया सत्यावरच उभा राहतो.

ख्रिस्तसभा रुग्णाला काय देते?

सिराखच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो, औषधे ही प्रभूनेच भूमीतून निर्माण केली आहेत असे शिकवितो, आणि आजारात प्रार्थना करण्यासही सांगतो. वैद्य आणि प्रार्थना यांत निवड करण्यास तो सांगत नाही. जो कोणी श्रद्धेच्या नावाने औषध थांबवायला सांगतो, तो या शिकवणुकीच्या विरुद्ध बोलतो.

रुग्णाभ्यंग संस्कार हा केवळ मरणोन्मुखांसाठी आहे, ही समजूत अजूनही आहे. धर्मगुरू घरी आले की शेजारी कुजबुजतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार फक्त अखेरच्या घटकेसाठी नाही, आणि पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्या रूपात दिला. गंभीर आजारात, तसेच अशा आजारासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी, तो घेता येतो. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे असे सांगितले आहे. ते बळ मिळावे म्हणून.

३ फेब्रुवारी हा संत ब्लेझ यांचा दिवस. चौथ्या शतकातील हे हुतात्मा बिशप गळ्याच्या विकारांचे आश्रयदाते मानले जातात आणि त्या दिवशी दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद दिला जातो. दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिन असतो. तर ११ फेब्रुवारीला लुर्डमातेच्या सणाच्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्ण दिन येतो. गळ्यावर व्रण घेऊन आशीर्वादाला येणारी व्यक्ती आपल्या रांगेत असेल, तर तिला तेथे अवघडल्यासारखे वाटू नये.

धर्मग्राम म्हणून आपण काय करावे?

आमच्या मते पुढील गोष्टी कोणत्याही लहान ख्रिस्ती समूहाला शक्य आहेत :

१. रुग्णालयाच्या फेरीला सोबत जाणे. एक दिवसाची सोबत ही शंभर फोनपेक्षा मोलाची असते.
२. रेडिओआयोडीनच्या दिवसांत मुलांना आपल्या घरी ठेवणे आणि कमी आयोडीनचा डबा, नियम नीट विचारून, पोहोचविणे.
३. कागदपत्रांत मदत करणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार त्यात बसतो का, हे आधी विचारावे. ज्या कामगारांचा राज्य विमा आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्या योजनेच्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत कर्करोग आहे, आणि अटी पूर्ण होत असल्यास नेहमीच्या आजारपणाच्या लाभानंतरही वेतनाच्या ८० टक्के दराने २ वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो.
४. तपासणीच्या तारखेची आठवण देणे. टीएसएच, थायरोग्लोब्युलिन आणि मानेची सोनोग्राफी या तपासण्या वर्षानुवर्षे कराव्या लागतात. हा कर्करोग कधी कधी अनेक वर्षांनी परततो, पण वेळीच सापडल्यास तेव्हाही त्यावर उपचार होतात. पहिल्या वर्षी सर्वांना आठवण असते. पाचव्या वर्षी कोणालाच नसते.
५. गुप्तता राखणे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत नाव घेण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्यावी.

बंधुभगिनींनो, गाठ काढणे हे शल्यविशारदाचे काम होते आणि ते झाले. त्यानंतरची वाट लांब आहे, पण ती चालता येण्याजोगी आहे. अहवाल समजून घ्यावा, गोळी चुकवू नये, तपासणी टाळू नये आणि एकट्याने सोसू नये. मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून, छप्पर उघडून प्रभूपुढे आणले; आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. दिघ्यातील प्रत्येक रुग्णाला असे चौघे लाभोत, आणि रुग्णांचे आरोग्य असलेली पवित्र मरिया त्यांच्या घरांवर आपली छाया ठेवो, ही आमची प्रार्थना.